हाँगकाँगचा सिनेमा ‘अ चायनीज घोस्ट स्टोरी’ (१९८७) कोणत्या कथेवर आहे? मूळ कथा वाचावी का?

पू सोंगलिंग (१६४०–१७१५) यांच्या ‘ल्याओजाय’ संग्रहातल्या न्ये श्याओछ्येन या भुताच्या कथेवर. चीनच्या शानतुंग प्रांतातला हा माणूस सरकारी परीक्षा देऊन थकला, पोटासाठी मास्तरकी केली आणि जवळपास ५०० कथा लिहून गेला. पुस्तक छापलं थेट १७६६ मध्ये!

वाचाच, पण आधी त्याच संग्रहातली ‘रंगवलेली कातडी’ ही कथा घ्या. वाटेत भेटलेल्या मुलीला एक गृहस्थ घरी आणतो. पुढे खिडकीतून डोकावतो, तर हिरव्या तोंडाचं भूत पलंगावर माणसाची कातडी पसरून कुंचल्याने रंगवतंय. मग कपड्यासारखी झटकून अंगात घालतं. यावरही सिनेमे निघाले. मला मात्र त्यातलीच ‘रातकिडा’ ही कथा सरस वाटते. तिथे दरबाराला झुंजीचे किडे हवेत, म्हणून एका गरिबाचं घर उद्ध्वस्त व्हायची वेळ येते. भुतांपेक्षा अंमलदारच भयंकर.