मुलाच्या घरातला पंखा थांबेना, म्हणून इथली एफडी मोडावी का?

प्रश्न : बेळगावात अनगोळला राहतो, वय 67. उद्यमबागेतल्या फौंड्रीत मेल्टिंगला नोकरी केली. मुलगा, सून आणि नातू ओहायोत असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तिथे जुनं घर घेतलं. गेले काही दिवस घर गरम करणाऱ्या फर्नेसचा पंखा रात्रंदिवस चालूच आहे, बंद म्हणून होत नाही. घर गरम होतं, पण मधूनमधून गार हवा येते. एका कंपनीचा माणूस येऊन म्हणाला, फर्नेस 17 वर्षांची झाली, बदलूनच टाका, 7,200 डॉलर होतील. मुलाने पैसे मागितलेले नाहीत, पण ऑक्टोबरपासून त्यांचा खर्च थांबलेला नाही : आधी छपराची गळती, मग नवा थर्मोस्टॅट (घराचं तापमान ठरवणारं भिंतीवरचं यंत्र), आता हे. आमची सौ. म्हणते, बँकेतली सात लाखांची एफडी मोडून पाठवू. शिवाय पतसंस्थेत सहा लाख आहेत. पेन्शन तीन हजार, वरच्या खोलीचं भाडं सहा हजार. मेडिक्लेम नाही. काय करावं?

उत्तर : काका, एफडी मोडू नका. निदान आत्ता तरी नाही, आणि या कारणासाठी तर नाहीच.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे : ऑक्टोबरनंतर नवा थर्मोस्टॅट बसवला. सतरा वर्षं पंखा वेळेवर बंद होत होता आणि थर्मोस्टॅट बदलल्यानंतर अडकला, तर मी आधी थर्मोस्टॅटकडे बघेन, 7,200 डॉलरच्या कोटेशनकडे नंतर. त्या माणसाने तो उघडून पाहिला का, हे मुलाला विचारा. पाहिला नसेल तर त्याने बिघाड शोधलेलाच नाही, फक्त वय वाचलं.

फौंड्रीत काम केलेल्या तुम्हाला ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा हाच पंखा, समजावून सांगायला नको. तिकडच्या घरांत बहुतेक तळघरात गॅसची फर्नेस असते. बर्नर पेटतो, हीट एक्स्चेंजर (ज्योतीची उष्णता हवेला देणारी धातूची पेटी) तापतो, मग अर्ध्या-एक मिनिटाने ब्लोअर सुरू होऊन डक्टमधून गरम हवा खोल्यांत सोडतो. बर्नर विझल्यावरही आत राहिलेली उष्णता ओढून घ्यायला तो दीड-दोन मिनिटं फिरतो आणि थांबतो. थांबत नसेल तर कुठून तरी त्याला चालू राहण्याचा हुकूम जातोय. तो कुठून जातोय एवढंच शोधायचं आहे, आणि त्यातली पहिली पायरी फुकट आहे.

थर्मोस्टॅटवर पंख्यासाठी 'ऑन' आणि 'ऑटो' अशी निवड असते. 'ऑन'वर असेल तर बर्नर बंद असतानाही पंखा फिरत राहतो आणि तेव्हा जाळीतून गार हवा येते. तुम्ही लिहिली आहे ती गार हवा हीच असू शकते. नव्या स्मार्ट थर्मोस्टॅटमध्ये आणखी एक भानगड असते : तासातली अमुक मिनिटं पंखा चालवायचाच, अशी सेटिंग मेनूत आत कुठे तरी दडलेली असते. तीही बघायला सांगा.

सेटिंग बरोबर असूनही पंखा चालूच राहिला, तर फर्नेसची वीज बंद करून झाकण उघडायचं आणि आतल्या कंट्रोल बोर्डावर 'जी' अक्षराखाली आलेली वायर सोडवायची. थर्मोस्टॅटकडून पंख्याला येणारा हुकूम त्याच वायरीने येतो. या तारा 24 व्होल्टच्या असतात, पण बोर्डाला मेन लाइनही येते, म्हणून वीज बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही. वायर सोडून झाकण लावलं, वीज चालू केली आणि पंखा थांबला, तर दोष थर्मोस्टॅटचा किंवा त्या वायरीचा, कदाचित बसवताना दोन तारा एकमेकींना टेकल्या असतील. तरीही फिरत राहिला तर बोर्डावरचा रिले (पंखा चालू-बंद करणारा स्विच) चिकटला असेल, नाहीतर लिमिट स्विचने सर्किट तोडलं असेल.

हा लिमिट स्विच तुम्ही एका वाक्यात ओळखाल. आत प्रमाणाबाहेर तापलं की तो गॅस तोडतो, आणि बोर्ड ब्लोअर चालू ठेवून एक्स्चेंजर थंड करतो. तापण्याचं कारण बहुतेक वेळा चोंदलेला फिल्टर किंवा बंद करून ठेवलेल्या जाळ्या. एक इंची फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलावा लागतो. जुनं घर घेणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, आणि मग ॲलर्जीसाठी म्हणून दाट विणीचा फिल्टर घालतात, त्याने हवा आणखी कोंडते. फर्नेसच्या झाकणाला छोटी काच असते, तिच्यातून बोर्डावरचा दिवा लुकलुकताना दिसतो. किती लुकलुकी म्हणजे कुठला दोष, याचा तक्ता झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. रविवारी रात्री आठला तुम्ही व्हिडिओ कॉल लावाल तेव्हा तिकडे सकाळचे साडेनऊ असतील. मुलाला फोन घेऊन तळघरात जायला सांगा, तुम्ही इथून मोजा.

एक मात्र बजावून सांगा. कारखान्यात उत्पादन थांबू नये म्हणून आपण सेफ्टी स्विच 'डायरेक्ट' करून, म्हणजे मधून वगळून टाकतो, ते इथे चालणार नाही. तक्त्यात ज्योत बाहेर येण्याचा किंवा नको तेव्हा ज्योत दिसल्याचा कोड निघाला, अगर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, तर घराबाहेर पडायचं आणि गॅस कंपनीला बोलवायचं. घरात लहान मूल आहे. त्या दिवशी पैशाचा विचार करायचा नाही.

आता हिशेब. दुसऱ्या, स्वतंत्र मेकॅनिकला बोलवायचे तिकडे साधारण शंभर ते दोनशे डॉलर. लिमिट स्विचचा सुटा भाग बहुधा पन्नास डॉलरच्या आत. कंट्रोल बोर्ड बसवून घेतला तरी काही शे डॉलर. म्हणजे या तक्रारीवरचा नेहमीचा खर्च 7,200 डॉलरच्या आसपासही जात नाही. आणि निदानासाठी दोन आठवडे थांबलं तर काय बिघडतं? जुन्या पद्धतीची मोटर 500 वॅट खाते असं धरू. दिवसाला 12 युनिट, महिन्याला 360. युनिटला 17 सेंट धरले तर महिन्याचे साठेक डॉलर. दोन आठवड्यांचे तीस. घर गरम होत असेल आणि धोक्याचा कोड नसेल, तर थांबायला हरकत नाही.

तुमच्या बाजूने काय जाईल तेही पाहा. डॉलर नव्वद रुपये धरला तर 7,200 डॉलर म्हणजे 6 लाख 48 हजार. तुम्ही एफडीचा दर लिहिलेला नाही, म्हणून समजा तीन वर्षांसाठी 7.1 टक्क्यांनी ठेवली होती आणि 22 महिने झाले. मुदतीआधी मोडली की बँक ठरलेला दर देत नाही. जेवढे महिने पैसे राहिले तेवढ्या मुदतीचा दर धरते आणि त्यातून दंड म्हणून अर्धा-एक टक्का कापते. हातात 5.8 टक्के पडले तर सोळा-सतरा हजार तिथेच गेले. रुपयाचे डॉलर करताना बँकेचा दर बाजारापेक्षा एक-दोन टक्के महाग असतो, म्हणजे आणखी सहा ते तेरा हजार. चलन बदलण्यावरचा जीएसटी सहा-सातशे रुपयांचा, तो किरकोळ. टीसीएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते त्या कराची, भीती कुणी घातली असेल तर ती सोडा : आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही. मुलाला दिलेल्या भेटीवर इथे कर नाही, आणि परदेशातून आलेल्या भेटीची माहिती अमेरिकेत त्याला वर्षाला एक लाख डॉलरच्या वर गेल्यावरच द्यावी लागते. थोडक्यात, कायद्याची अडचण कुठेच नाही. अडचण आहे ती ही, की तुमच्याकडे मेडिक्लेम नाही.

महिना नऊ हजार आणि थोडं व्याज, यावर तुमचं घर चालतं. त्या घरात सात लाखांची एफडी म्हणजे हॉस्पिटलचे पैसे. उद्या काकूंना ॲडमिट करायची वेळ आली तर पहिला फोन याच एफडीसाठी होईल, आणि त्या दिवशी ओहायोहून डॉलर यायला दोन-चार दिवस लागतील. मुलगा तिकडे डॉलरमध्ये कमावतो. तोच 7,200 डॉलरचा खर्च त्याने दहा टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडायचा ठरवला, तर हप्ता 153 डॉलर पडतो. त्याला तो जड जाईल, पण झेपेल. तुमची रिकामी झालेली एफडी मात्र वयाच्या 67 व्या वर्षी पुन्हा भरून येणार नाही.

समजा हीट एक्स्चेंजरला तडा गेलेला निघाला. मग फर्नेस बदलावीच लागेल, सतरा वर्षं हे तिचं वयही झालंच आहे. तसं झालं तर तड्याचा फोटो मागायचा, तीन ठिकाणची कोटेशनं घ्यायची, आणि 'शून्य व्याज' म्हणणाऱ्या योजनेत मुदत चुकली की मागचं सगळं व्याज एकदम लावतात का, ते वाचायचं. कार्यक्षम फर्नेसवर अमेरिकेच्या केंद्र सरकारची आयकर सवलत मिळेल असं सेल्समन म्हणाला, तर ती 31 डिसेंबर 2025 नंतर बसवलेल्या यंत्रांना नाही. जुन्या फर्नेसच्या सुट्या भागांवर किंवा एक्स्चेंजरवर वॉरंटी शिल्लक आहे का, तेही आधीच्या घरमालकाच्या कागदांत बघायला सांगा. एक्स्चेंजरची वॉरंटी बऱ्याचदा वीस वर्षांची असते, पण घर विकल्यावर ती नव्या मालकाकडे जाते का, हे कंपनीगणिक बदलतं.

काकूंचा जीव नातवात अडकलाय, ते समजतं. काही तरी पाठवल्याशिवाय त्यांना चैन पडणार नसेल, तर दुसऱ्या मेकॅनिकच्या फीचे पंधरा हजार सेव्हिंगमधून पाठवा, नातवाच्या नावाने. एफडीला हात लावू नका.

आता पतसंस्थेचं. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विमा असतो, तो सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्था आणि सौहार्द सोसायट्यांना (कर्नाटकातल्या सहकारी संस्थांचा एक प्रकार) तो नाही. आपल्याकडे संचालक ओळखीचे, एक-दीड टक्का जास्त मिळतो, म्हणून खानापूरपासून निपाणीपर्यंत लोक निवृत्तीची रक्कम तिथेच ठेवतात. तुमची संस्था बरी असेलही, पण सहाच्या सहा लाख तिथे ठेवू नका. मुदत संपेल तशी निम्मी रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत वळवा. तिच्या तिमाही व्याजातून तुम्हा दोघांच्या मेडिक्लेमचा हप्ता बाजूला काढा. या वयात तो भरमसाट वाटेल. पण 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटी नाही, आणि आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. आज पॉलिसी घेतलीत तर सत्तरीपर्यंत बीपी-शुगरसारख्या जुन्या आजारांनाही ती लागू होईल. फॉर्म भरताना कुठलाही आजार लपवू नका, एजंट 'राहू द्या हो' म्हणाला तरी.