दबाव नव्हे, कोंडी

विचारणा अशी आहे : एका फुटबॉल संघाच्या हंगामाचा आढावा लिहिताना पत्रलेखकाने 'बचाव फळीतल्या उणिवा भरून काढायच्या तर संघटित दबाव हवा' असं वाक्य लिहिलं. प्रेसिंगसाठी, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना तो हिसकावायला सगळ्या संघाने पुढे सरसावण्यासाठी, 'दबाव' चालेल का, आणि 'बचाव फळी' जोडून लिहायची की तोडून?

दबाव चालणार नाही. गेली कित्येक वर्षं हा शब्द कानावर आदळतो आहे. समालोचक एका दमात सांगतात, 'संघावर दबाव आहे, त्यांनी दबाव न घेता दबाव टाकायला हवा.' तीन दबाव, तिन्हींचे अर्थ वेगळे, आणि ऐकणाऱ्याने आपापलं समजून घ्यायचं. मनावर येतं त्याला मराठीत दडपण म्हणतात. वजनाने पडतो तो दाब. कुणाकडून नको असलेलं काम करून घ्यायला आणतात तो दबाव, आणि तो राजकारणात शोभतो. प्रेसिंग यांतलं काहीच नाही. 'आज संघाने प्रेसच केलं नाही' हे वाक्य तर ऐकलं की मला चुरगळलेल्या जर्सी दिसतात.

'घेराव' सुचवणारेही भेटतात. घेराव घालणारे मागणी मान्य होईपर्यंत ठाण मांडून बसतात. इथे पाच-सहा सेकंदांत चेंडू हाती लागला नाही तर उलट्या पावली पळत मागे यावं लागतं.

प्रेसिंग करणारा खेळाडू समोरच्याच्या अंगावर धावतो खरा, पण त्याचं काम अंगावर जाण्याने होत नाही. चेंडू ज्याच्या पायात आहे त्याला पास द्यायला माणूसच उरू नये, यासाठी बाकीचे नऊ जण त्याच क्षणी सरकलेले असावे लागतात. पुढचा धावतो तेव्हा त्याच्या धावण्याचा कोनही ठरलेला असतो. आडवा पास आपल्या अंगाने झाकायचा आणि चेंडू कडेच्या रेषेकडे ढकलायला लावायचा. तिकडे रेषाच आपली जास्तीची खेळाडू होते. याला मराठीत नेमका, जुना, खेळातलाच शब्द आहे : कोंडी.

हा शब्द मूळ अर्थाने कुठे वापरतात हे पाहायचं तर आट्यापाट्यांकडे जावं लागतं. आडव्या पाट्या, म्हणजे मैदानावर आखलेल्या रेषा, अडवणारे आपापल्या पाटीवर उभे, आणि मधल्या उभ्या पाटीवरून धावणारा सूर. पाटीवाला एकटा कितीही चपळ असला तरी त्याला एका बाजूला झुकवून दुसऱ्या बाजूने निसटता येतं. सूर वेळेवर आला, पाटीवाल्याने त्याच्याशी वेळ साधली, की चौकोनातला गडी कोंडीत सापडतो. सूर एका पावलाने चुकला तरी गडी निसटतो. प्रेसिंगचं याहून सुटसुटीत वर्णन मला एकाही प्रशिक्षकाच्या तोंडून ऐकायला मिळालेलं नाही.

आता व्युत्पत्ती, जिच्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसलो. काही व्युत्पत्तिप्रेमी 'कोंडणे'ला धरून नेऊन संस्कृत 'कुंड'पाशी सोडतात. पुरावा म्हणून नदीच्या डोहाला 'कोंड' म्हणतात हे सांगतात. तो कोंड कुंडाचा असेल, खुशाल असो. म्हणून कोंडी काही त्याची लेक होत नाही. या मंडळींना मराठीतला प्रत्येक शब्द संस्कृतात स्नान घालूनच घरात घ्यायचा असतो. कुंडात पाणी आपसूक साचतं. कोंडायला मात्र कुणीतरी कोंडणारा लागतो. हा फरक ज्यांना जाणवत नाही त्यांनी शब्दांच्या वाटेला जाऊ नये.

माझा तर्क कन्नडकडे जातो. कन्नडात 'कोंडी' म्हणजे आकडा, दुवा, साखळीतली कडी. विंचवाच्या नांगीलाही तिथे कोंडी म्हणतात, आणि आज संगणकाच्या पडद्यावरच्या दुव्यालाही कन्नड माणूस कोंडीच म्हणतो. मराठीत दाराला कडी-कोयंडा असतो, तो कोयंडा मला याच घराण्यातला वाटतो. माणसाला कोंडलं म्हणजे बाहेरून कडी घातली. खोली आधीपासून तिथे होतीच; कोंडी झाली ती कडी कोयंड्यावर बसली तेव्हा. तर्कच आहे, पण हा तर्क लावला की शब्द एकदम उजळतो : कोंडी म्हणजे बंद जागा नव्हे, तर एकमेकांत अडकलेल्या कड्या. एक कडी निसटली की बाकीच्या कितीही मजबूत असोत, दार उघडंच. 'वाहतूक कोंडी'ने या शब्दाची धार घालवली. तिथे सगळेच अडकलेले आणि अडकवणारा कुणीच नाही.

फुटबॉलमध्ये ही कडीची गोष्ट ज्यांनी जाणली त्यांनी इतिहास केला. प्रशिक्षक विक्तर मास्लोव्हच्या दिनामो कीव्ह क्लबने संघ म्हणून चेंडूवर तुटून पडायला सुरुवात केली आणि 1966 ते 1968 अशी सलग तीन वर्षं सोव्हिएत लीग जिंकली. पुढे इटालियन प्रशिक्षक आरिगो साक्कीने मिलान क्लबच्या खेळाडूंना चेंडूशिवाय सराव करायला लावला. चेंडू कुठे आहे हे तो नुसतं सांगे आणि अख्खा संघ सरके. त्याचा आग्रह असा की सर्वांत मागचा बचावपटू आणि सर्वांत पुढचा आक्रमक यांच्यात सुमारे 25 मीटरच अंतर असावं. 1989 च्या एप्रिलमध्ये याच संघाने युरोपियन करंडकाच्या उपांत्य फेरीत रेआल माद्रिदला 5-0 ने लोळवलं.

नियमांचाही हात आहे. 1992 पूर्वी कोंडीत सापडलेला बचावपटू चेंडू मागे गोलरक्षकाकडे सरकवी आणि गोलरक्षक तो निवांत हातात उचली. ही चोरवाट होती. त्या वर्षी पायाने मागे दिलेला चेंडू हातात घ्यायला बंदी आली आणि कोंडीची शेवटची कडी नियमानेच बसवली.

कोंडीवर एक आक्षेप येईल, तो मीच घेतो. गोलशून्य बरोबरी मोडली की आपल्याकडे 'अखेर कोंडी फुटली' असं लिहितात. मग गोंधळ होणार नाही का? नाही होणार. त्या कोंडीत दोन्ही संघ असतात, या कोंडीत एकच. क्रियापद बघा, ती फुटते आणि ही केली जाते. 'दबावा'च्या तीन अर्थांवर ज्यांची हरकत नाही त्यांनी कोंडीच्या दोन अर्थांवर घेऊ नये.

आणि उणिवा. पत्रलेखकाच्या संघाचं दुखणं मी न बघताच सांगतो, कारण ते बहुतेकांचं असतं. पुढचा खेळाडू एकटाच उत्साहाने धावतो. मधले विचार करत राहतात. मागचे दोघे स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचे बचावपटू, पायाने संथ, म्हणून पेटीच्या, गोलपुढच्या पेनल्टी चौकटीच्या, तोंडाशी चिकटून उभे. मध्ये पडलेल्या मोकळ्या मैदानात प्रतिस्पर्धी वळतो, मान वर करतो, हवा तो पास देतो. गोल झाला की शिव्या मात्र त्या दोघा स्टॉपरना. 8 जुलै 2014 ला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत जर्मनीने ब्राझीलवर 23 व्या ते 29 व्या मिनिटादरम्यान चार गोल केले. त्यातल्या तिसऱ्याच्या वेळी ब्राझीलचा मधला खेळाडू आपल्याच पेटीजवळ चेंडू घेऊन वळत होता आणि जर्मनीच्या क्रूसने तो पायातून काढून घेतला. दोन पास, गोल. आणि लिहिताना काय, तर म्हणे 'फळी कोसळली'. फळी कोसळते ती डबे ठेवलेली. लढाईतली फळी फुटते. संस्कृत 'फलक' म्हणजे जशी लाकडी पाटी तशी ढालही, आणि खांद्याला खांदा लावून ढाली धरलेल्या माणसांची रांग डोळ्यांपुढे आणल्याशिवाय 'फळी फोडणे' कळत नाही असं माझं मत आहे. तिथेही पुन्हा तेच, दोन ढालींमधली फट.

तेव्हा वाक्य असं करा : 'बचावफळी फुटू द्यायची नसेल तर कोंडी सगळ्यांनी मिळून करावी लागेल.' 'संघटित' गाळला आहे, एकट्याने कोंडी होतच नाही.

हो, आणि 'बचावफळी' जोडून लिहायची. समास आहे.