पॉवर बीआय : ‘एप्रिलपासूनची विक्री’ आणि ‘मागील वर्ष’ चुकीचं येतंय – उत्तर

पॉवर बीआय या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमधली तुमची अडचण मला समजली ती अशी. ओळींवर महिने आहेत, वर स्लायसरमध्ये (वर्ष निवडायच्या फिल्टरमध्ये) आर्थिक वर्ष २०२५-२६. एप्रिलपासूनच्या बेरजेसाठी टोटलवायटीडी (वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज देणारं फंक्शन) वापरलंय, पण प्रत्येक महिन्यासमोर त्या महिन्याचीच विक्री दिसते. मागच्या वर्षीचा तोच काळ देणाऱ्या सेमपिरियडलास्टइयरचा कॉलम तर सगळा कोरा. विक्रीचं टेबल तारखांच्या टेबलाशी २०२५०६१२ अशा आकडी कीने (जोडणीच्या कॉलमने) जोडलंय. सूत्र तीनदा बदलून झालं.

सूत्र आता बदलू नका. ही दोन लक्षणं एकत्र दिसली की मी सर्वात आधी एकच गोष्ट तपासतो: तारखांचं टेबल ‘मार्क ॲज डेट टेबल’ केलंय का, म्हणजे हेच तारखांचं टेबल असं पॉवर बीआयला सांगितलंय का? रिलेशनशिप (दोन टेबलांची जोडणी) थेट तारखेच्या कॉलमवर असेल, तर वर्ष, महिना वगैरे इतर कॉलमांवरचे फिल्टर डॅक्स (पॉवर बीआयची सूत्रांची भाषा) आपणहून काढून टाकतं. ती की आकडी असेल आणि टेबल मार्क केलेलं नसेल, तर ते काढत नाही. मग जूनच्या ओळीत सूत्र एप्रिल-मे-जूनच्या तारखा मागतं, पण ‘महिना = जून’ हा फिल्टर तसाच राहतो, आणि उरतो फक्त जून. मागच्या वर्षाचंही तेच. तारखा २०२४ च्या, स्लायसर २०२५-२६ चा. दोन्हींत बसणारी एकही तारीख नाही, म्हणून कोरं.

खात्री करायची असेल तर विक्रीच्या जागी तारीखच विचारा. टोटलवायटीडीमध्ये बेरजेऐवजी तारखेचा मिन (सर्वात आधीची तारीख) घाला, बाकी सूत्र तेच ठेवा. दुसऱ्या मेजरमध्ये (सूत्रात) मॅक्स, म्हणजे सर्वात शेवटची तारीख. दोन्ही त्याच टेबलात शेजारी लावा. आज तुम्हाला जूनसमोर १ जून आणि ३० जून दिसेल. मार्क केल्यावर १ एप्रिल ते ३० जून दिसायला हवं. १ जानेवारी दिसली तर टोटलवायटीडीला वर्षअखेर ३१ मार्च आहे हे सांगायचं राहिलंय, कारण न सांगितल्यास ते ३१ डिसेंबर धरतं. एका जुन्या नोकरीत औषधांच्या घाऊक विक्रीच्या रिपोर्टवर मी पूर्ण दोन दिवस सूत्राशी झगडलो होतो. हे दोन मेजर लावल्यावर पाच मिनिटांत चूक सापडली. तेव्हापासून आकड्याआधी मी तारखा बघतो.

कृपया ‘सोपं पडेल’ म्हणून ही आकडी की काढून विक्रीच्या तारखेवरच रिलेशनशिप करू नका, निदान आत वेळ आहे का ते पाहिल्याशिवाय. फॉरमॅट फक्त १२ जून दाखवतो, आत १२ जून दुपारी २.३७ असू शकतं. तारखांच्या टेबलात मात्र १२ जूनची मध्यरात्र असते. दोन्ही जुळत नाहीत आणि ती विक्री वर्षाच्या कोऱ्या ओळीत जाऊन बसते. ऑनलाइन ऑर्डरी यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेत येत असतील तर आणखी एक घोळ: आपली वेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे १ एप्रिलच्या पहाटे ५.३० पर्यंतची विक्री ३१ मार्चला, म्हणजे आधीच्या आर्थिक वर्षात पडते. पॉवर क्वेरीमध्ये (डेटा आत घेताना साफ करायच्या भागात) आधी साडेपाच तास मिळवा, मगच वेळ कापा.

टेबल मार्क झालं की पुढचा प्रश्न तुम्हाला लगेच पडेल. डेटा १२ जूनपर्यंतचा, पण शेजारी मागच्या वर्षीचा पूर्ण जून. धंदा निम्म्यावर आला असं वाटून मालक घाबरतात, म्हणून हे आधीच करून ठेवा. तारखांच्या टेबलात ‘शेवटच्या विक्रीपर्यंतची तारीख आहे का’ असा हो/नाहीचा कॉलम घाला. हा फिल्टर लावायची जागा फार महत्त्वाची आहे. कॅल्क्युलेटमध्ये (फिल्टर लावून आकडा काढणाऱ्या फंक्शनमध्ये) तो बाहेर लावलात तर काहीच बदलणार नाही, कारण २०२४ च्या सगळ्या तारखा ‘हो’च आहेत. कॅल्क्युलेटसारख्याच, पण टेबल देणाऱ्या कॅल्क्युलेटटेबलच्या आत सेमपिरियडलास्टइयर आणि तिथेच हा फिल्टर द्या. मग आधी चालू वर्ष १२ जूनला कापलं जातं आणि तेवढ्याच तारखा मागे सरकतात. एखाद्या बिलावर चुकून २०५२ साल पडलंय का, तेही बघा. तसं एक बिल असलं तरी हा कॉलम सरसकट ‘हो’ होतो.

तारखांचं टेबल कॅलेंडरऑटो या तारखा आपोआप बनवणाऱ्या फंक्शनने केलं असेल तर कंसात ३ (वर्ष संपण्याचा महिना, मार्च) द्या, म्हणजे वर्षं एप्रिल ते मार्च पूर्ण येतात. पण ते मॉडेलमधले इतर तारखांचे कॉलमही बघतं. ग्राहकांच्या जन्मतारखा असतील तर कॅलेंडर १९५० पर्यंत मागे जाईल.

हे सगळं जुळल्यावरही ऑक्टोबर-नोव्हेंबरची तुलना खटकेल, आणि ती चूक डॅक्सची नसेल. लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. सेमपिरियडलास्टइयर इंग्रजी तारखेसमोर तीच तारीख ठेवतं, त्यामुळे सणाची खरेदी समोरासमोर येतच नाही. त्या दोन महिन्यांसाठी तारखांच्या टेबलात ‘लक्ष्मीपूजनापासून किती दिवस’ असा कॉलम घाला, आधीचे दिवस उणे धरून, आणि तुलना त्यावर करा.

आता टेबल मार्क करा आणि जूनच्या ओळीतल्या मिन-मॅक्स तारखा इथे लिहा. १ एप्रिल आली नाही तर मॉडेलमधल्या रिलेशनशिपचा स्क्रीनशॉटही टाका, पुढचं बघतो.