‘सगळ्यांना कळत असेल ना, मॅडम?’

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी एक आई मुलाला घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आली. घर इंदूरच्या रामबागेत, तिथून राजवाडा पायी जाण्याइतका जवळ. लहानपणापासून दर वर्षी गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघायला जाऊन रंगाने चिंब होऊन येणारा मुलगा या वर्षी दाराला कडी लावून खोलीत बसला होता. "ह्यांचं म्हणणं, मुलाच्या जातीला पिंपल्सचं एवढं काय? मुलगी असती तर गोष्ट वेगळी," आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

मुलगा २० वर्षांचा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. इथे त्याला निखिल म्हणते, हे नाव खरं नाही. तोंडावर मास्क, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. घरात काय काय करून झालं ते आईच सांगत होती. पोहे-जलेबी बंद, शेव बंद, मित्रांबरोबर रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाणं बंद. ‘अंगात उष्णता आहे’ म्हणून आजीचा सब्जा, मावशीचा कडुनिंबाचा पाला, कुणीतरी सांगितलं म्हणून लिंबू. दिवसातून सात-आठ वेळा साबणाने तोंड धुणं. शेवटी मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. पंधरा दिवसांत चेहरा नितळ झाला, वर उजळलासुद्धा. लावणं थांबवलं तसे पहिल्यापेक्षा जास्त फोड आले. मग परत तीच ट्यूब. असं वर्षभर चाललं होतं.

आईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. बराच वेळ निखिल काही बोलला नाही. मग खाली बघत म्हणाला, "हे सवयीमुळे होतं ना?" कुठली सवय, ते त्याला सांगवेना. हस्तमैथुन हा शब्द मीच उच्चारला. त्याने मान हलवली. "म्हणजे चेहरा बघून सगळ्यांना कळत असेल ना, मॅडम?"

तीन वर्षं हा मुलगा या समजुतीत वावरत होता. घरचे त्याला पथ्य सांगत होते आणि तो ते निमूटपणे पाळत होता, कारण त्याच्या लेखी ती शिक्षा होती. हा समज मी पुष्कळ मुलांच्या तोंडून ऐकला आहे. दोन्ही गोष्टी एकाच वयात सुरू होतात, म्हणून लोकांनी त्यांची सांगड घातली. त्यात काहीही तथ्य नाही, हे मी त्याला त्याच शब्दांत सांगितलं. आणि पुन्हा एकदा सांगितलं.

मग कागदावर चित्र काढलं. वयात येताना अँड्रोजेन नावाची संप्रेरकं वाढतात, मुलांमध्ये जास्त, पण मुलींमध्येही. त्यांच्यामुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल तयार करतात. केस जिथून उगवतो त्या छिद्राचं तोंड मृत पेशींनी बुजतं, तेल आत साचतं, त्वचेवर एरवीही राहणारे जिवाणू तिथे वाढतात आणि सूज येते. काळा ठिपका दिसतो तो मळ नसतो, म्हणून तो कितीही घासला तरी जात नाही. उलट सारखं धुण्याने त्वचा चिडते. सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदा धुतलं की पुरे.

खाण्याचं म्हणाल, तर शेवेतलं तेल चेहऱ्यावर येत नाही. साखर झटकन वाढवणारे पदार्थ आणि दूध यांचा काही जणांच्या मुरुमांशी संबंध दिसतो, तेव्हा जलेबी रोज नको, एवढं खरं. पण बोलता बोलता निघालं ते वेगळंच. पोहे सोडलेला हा मुलगा जिममध्ये रोज दोन वेळा व्हे प्रोटीन घेत होता. तेही दुधातूनच येतं आणि काही जणांचे मुरुम त्याने वाढतात. घरात कुणाच्या मनातही ते आलं नव्हतं.

जीव नकोसा होतो का, हेही मी त्याला सरळ विचारलं. नाही म्हणाला, पण बाथरूममधला दिवा लावत नाही, आरसा दिसतो म्हणून. चेहऱ्यासाठी आलेल्या प्रत्येकाला मी हा प्रश्न विचारतेच.

औषध देणं माझं काम नाही, त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी ट्यूब बघताच ओळखली: स्टेरॉइड. अशा मलमाने लाली दबते, रंग उजळल्यासारखा वाटतो, पण त्वचा पातळ होते आणि मुरुम आणखी उसळतात. चिठ्ठीशिवाय ती विकायचीच नसते, तरी काउंटरवरून सहज मिळते, याचा मला मनापासून राग येतो. ती बंद झाली. सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड, रात्री सगळ्या चेहऱ्यावर ॲडापलीनचा पातळ थर, आणि काही आठवड्यांपुरत्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. दिवसा सनस्क्रीन. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतील, हे त्यांनीही सांगितलं आणि मीही.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला. "वाढलेत, मॅडम. सोडून देऊ?" पुष्कळ जण इथेच सोडतात. सुरुवातीला कोरडेपणा, जळजळ, थोडी वाढ होऊ शकते, आणि त्याची तर स्टेरॉइडही सुटत होती. डॉक्टरांशी बोल, म्हटलं. त्यांनी मॉइश्चरायझर वाढवलं, रात्रीचं औषध काही दिवस एका आड एक केलं. एक मित्र आपल्या उरलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या द्यायला निघाला होता, त्या मात्र घेऊ दिल्या नाहीत. हट्टी, खोल गाठींवर ते फार प्रभावी औषध आहे, पण रक्त तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं. गरोदरपणात घेतलं तर बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून मुलींनी तर ते असं कुणाकडून कधीच घेऊ नये. मुलींची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडाची, तपासणीही करून घ्यावी.

घरासाठी मी एकच गोष्ट मागितली: तीन महिने त्याच्या चेहऱ्यावर कुणी बोलायचं नाही. बरा दिसतोय, असंही नाही. आजींना हे सगळ्यात जड गेलं.

वडील एकदाच आले, तेही बोलावल्यावर. खुर्चीत बसले आणि मला त्यांच्या दोन्ही गालांवरचे जुने खड्डे दिसले. मुरुमांची प्रवृत्ती घराण्यातून येते, हे मी सांगत होते, तेव्हा त्यांचा हात गालावर गेला. "आमच्या वेळी हे कुणी विचारलं नाही," ते म्हणाले. निखिल त्यांच्याकडे बघत राहिला. त्याने वडिलांच्या चेहऱ्याकडे या नजरेने कधी पाहिलंच नसावं.

आता पाचवा महिना आहे. नवे फोड क्वचित येतात. डाग फिकट होताहेत, खड्ड्यांसाठी पुढे वेगळे उपचार करावे लागतील. परवा तो वडिलांच्या स्कूटरवरून आला. मास्क नव्हता. टोपी आहे अजून. ती काढ, असं मी म्हटलेलं नाही.