पॉइंट कमी करायला शिकणारा वायरमन

प्रश्न: माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाला आणि सहा वर्षं एका कंत्राटदाराकडे वायरिंगची कामं करतो, सध्या लोअर परळ-वरळीच्या फ्लॅटमध्ये. तिथे एका लायटिंग डिझायनरचं काम बघितल्यापासून त्याला तेच शिकायचं आहे. मी चौकशी केली. एका खासगी संस्थेत इंटिरिअर डिझाइनचा पूर्णवेळ डिप्लोमा आहे, फी २ लाख ८० हजार. पतपेढीतून कर्ज काढायची माझी तयारी आहे. वायरमन म्हटलं की स्थळं पुढे सरकत नाहीत. तो मात्र टाळाटाळ करतो. त्याला कसं समजवायचं? – एक वडील, काळाचौकी

उत्तर: तुमच्या पत्रात फीचा आकडा आहे, पतपेढी आहे, अडलेली स्थळं आहेत. त्या डिझायनरचं नेमकं काय बघून मुलगा थबकला, याबद्दल एक ओळही नाही. बहुधा तुम्ही विचारलंच नसावं. मला काळजी वाटते ती याची. प्रकाशयोजना हे तुमच्यासाठी निमित्त आहे. त्याच्या हातातली पक्कड एकदाची सुटावी, एवढंच तुम्हाला हवं आहे. सहा वर्षं स्वतःच्या कमाईवर उभा असलेला मुलगा वडिलांच्या डोक्यावर कर्ज चढवून पुन्हा बाकावर बसायला का-कू करतो, त्याला टाळाटाळ म्हणू नका. आणि स्थळांचं म्हणाल, तर ज्या घरात कमावता वायरमन चालत नाही, तिथे नोकरी सोडलेला, कर्ज असलेला विद्यार्थी चालेल असं तुम्हाला कोणी सांगितलं?

त्या डिप्लोम्याचा अभ्यासक्रम मागवा आणि त्यात प्रकाशाला किती तास दिलेत ते मोजा. फर्निचर, साहित्य, रंगसंगती ज्याला शिकायची त्याने जरूर शिकावी. तुमच्या मुलाने ती मागितलेली नाही. पॉलिटेक्निकचं थेट दुसरं वर्ष आयटीआयवाल्याला खुलं असतं आणि पर्यवेक्षकाच्या परवान्याकडे तर त्याने लक्ष द्यावंच. पण या वाटा तुम्हा दोघांना माहीत असणार.

एक गैरसमज मात्र काढायला हवा: दिवे जास्त तर उजेड जास्त, आणि डिझायनर म्हणजे महागडे दिवे निवडून देणारा माणूस. मुंबईतला नेहमीचा हॉल घ्या, १० बाय १२ फूट. फॉल्स सीलिंगमध्ये १२ वॉटचे सहा दिवे. एकेक ११०० लुमेनचा (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप) धरला तर एकूण ६६००. भिंती आणि छत शोषून घेतात तो उजेड, पुढे धूळ बसून घटतो तो, असं सगळं वजा करून निम्मा हाती लागला समजू. खोली ११ चौरस मीटरची, म्हणजे दर चौरस मीटरला जवळपास ३०० लुमेन, यालाच ३०० लक्स म्हणतात. गप्पा मारायला, टीव्ही बघायला हे भरपूर झालं. तरी घरमालक म्हणतो, अंधार वाटतोय, आणखी दोन टाका. कारण उजेड सगळा फरशीवर सांडलेला असतो आणि सोफ्यावर बसलेल्याच्या नजरेसमोर असते ती भिंत, काळवंडलेली. चार दिवे ठेवून त्यातले दोन भिंतीकडे वळवले तर तीच खोली मोकळी वाटते. गोम पुढे आहे. वायरमनला पैसे पॉइंटमागे, म्हणजे दिवा-पंख्याच्या प्रत्येक जोडणीमागे मिळतात आणि प्रकाश कळलेला माणूस पुष्कळदा पॉइंट कमी करायला सांगतो. ज्या हिशोबावर घर चालतं त्याच्या उलटा विचार तुमच्या मुलाला शिकायचा आहे. म्हणजे सल्ल्याचे वेगळे पैसे मागायलाही शिकावं लागेल, आणि सुरुवातीला ते कोणी सुखासुखी देणार नाही. वायरमनने आर्किटेक्टसमोर तोंड उघडलेलं अजूनही सगळ्यांना रुचत नाही. म्हणूनच नोकरी सोडायची नाही.

यापुढचं त्याला वाचायला द्या.

तू रोज साइटवर असतोस, ही तुझी जमेची बाजू. कागदावर दिवा जिथे काढलेला असतो तिथे नेमका बीम आडवा येतो किंवा एसीचा पाईप जातो, ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारी डबी) जळाला तर हात पोचत नाही. हे तुला आधीच दिसतं. साधा लक्स मीटर घे आणि ताबा देण्याआधी प्रत्येक खोली मोजून वहीत उतरव, फरशी आणि भिंत दोन्ही. लोहार चाळीत माल घ्यायला गेलास की खोक्यावर वॉटच्या पलीकडचं वाच: लुमेन, केल्व्हिन (उजेड पिवळसर की पांढरा), सीआरआय (त्यात रंग किती खरे दिसतात), बीम अँगल (झोत किती अंशांत पसरतो). २४ अंशांचा दिवा २ मीटर अंतरावर सुमारे ८५ सेंटिमीटरचं वर्तुळ टाकतो, ६० अंशांचा २.३ मीटरचं. भिंतीपासून दिवा किती लांब घ्यायचा ते यावरून सुचू लागेल. डायलक्स हे प्रकाशयोजनेचा हिशोब मांडणारं जर्मन सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मोठ्या कंपन्या त्यासाठी दिव्यांच्या फाइलीही देतात. पण आकडे हाताने काढता येईपर्यंत त्याच्या नादी लागू नकोस, रंगीत चित्रं बघून आपल्याला सगळं कळलं असं वाटतं. खरी उणीव नकाशाची असेल. सीलिंगचा नकाशा स्वच्छ काढता येत नाही तोवर कोणी डिझायनर म्हणणार नाही, तेव्हा पैसे घालायचेच तर ऑटोकॅडच्या संध्याकाळच्या क्लासला घाल.

शिवाजी मंदिरात नाटकं बघ, बाल्कनीतून. नेपथ्याशेजारी प्रकाशयोजनेचं नाव नाटकाच्या जाहिरातीत छापतात, ते उगाच नाही. समोरून तिरका दिवा चेहऱ्याला काय करतो, मागून मारलेल्या दिव्याने माणूस पडद्यापासून सुटा कसा दिसतो, हे तिथे दोन-अडीच तास समोर चालू असतं. बाबांनाही घेऊन जा.

पतपेढीचा अर्ज भरला असेल तर मागे घ्या, काका. पुढचं पत्र त्याला लिहू द्या. सोबत एका खोलीचा नकाशा आणि त्याने मोजलेले आकडे पाठवले, तर त्यावर बोलता येईल.