वाचकांचे प्रश्न : श्रद्धा सांगते एक, हिशेब चालतो दुसरा

प्रश्न : ‘ख्रिस्ती जीवनदृष्टी’ हे शब्द प्रवचनांत सारखे ऐकू येतात. श्रद्धा आणि जीवनदृष्टी यांत फरक काय? (एक वाचक, अहिल्यानगर)

श्रद्धा काय, असं विचारलं की माणूस विचार करून उत्तर देतो. जीवनदृष्टी बाहेर पडते ती विचार करायला वेळ नसतो तेव्हा. घरात आंधळं मूल जन्मलं, तर पहिला प्रश्न कोणता येतो? ‘कुणाचं पाप?’, ‘कुणाची नजर लागली?’ की ‘डॉक्टरांनी आधी का नाही सांगितलं?’ यातल्या प्रत्येक प्रश्नामागे जग कसं चालतं याचा एक हिशेब आधीच मांडलेला असतो. जीवनदृष्टी म्हणजे तो हिशेब.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांध माणसाबद्दल येशूला विचारतात, की पाप याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. शिष्य विश्वासातले होतेच, पण त्यांचा हिशेब जुना होता. रविवारी मतांगीकार, म्हणजे चर्चमधली श्रद्धेची ठरलेली कबुली, म्हणून मंगळवारी मुहूर्तासाठी पंचांग उघडणाऱ्या घरात हेच चाललेलं असतं.

कोणतीही जीवनदृष्टी तपासायला पाच प्रश्न पुरतात. सगळ्याच्या मुळाशी काय आहे? माणूस म्हणजे कोण? बिघडलं आहे ते काय? त्यावर उपाय कोणता? आणि हे सगळं कुठे चाललं आहे? देव न मानणाऱ्याकडेही या पाचांची उत्तरं असतात, फक्त ती कुणी लिहून घेतलेली नसतात.

प्रश्न : मग ख्रिस्ती उत्तरं नेमकी कोणती? मुद्देसूद सांगा. (एक वाचक, वसई)

मुद्दे देता येतील, पण ख्रिस्ती उत्तर मुळात एका कथेच्या रूपात येतं. तिचे टप्पे चार : निर्मिती, पतन (माणसाचं पापात पडणं), तारण (ख्रिस्ताने केलेली सुटका) आणि पूर्णत्व (देव शेवटी सगळं नवं करतो ते). एखादा टप्पा गळला की काय होतं ते पाहिलं, तर त्याचं काम लवकर कळतं.

सर्वांत जास्त गळते ती निर्मिती. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात, ‘चांगलं’ हा शेरा सात वेळा येतो, सातव्या वेळी ‘फार चांगलं’ असा. म्हणजे माती, शरीर, भूक, संसार हे मुळात चांगलं. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाचा एक ख्रिस्ती शिक्षक म्हणाला, की जग घडवणारा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा. रोमच्या मंडळीने १४४ च्या सुमारास त्याला बाहेर काढलं. त्याचं म्हणणं मात्र गेलं नाही. आपल्याकडे अंत्यविधीत ‘देहाच्या पिंजऱ्यातून आत्मा सुटला’ असं सर्रास बोलतात. बोलायला गोड आहे, पण मतांगीकारात आहे ते ‘शरीराचं पुनरुत्थान’. देह हा पिंजरा असता तर तो परत मिळण्याची आशा कोण धरेल?

पतन वगळलं, की सगळा दोष बाहेरचा ठरतो. शिक्षण वाढवा, कायदा बदला, माणूस आपोआप सुधारेल. उलट फक्त पतनच शिकवलं, तर मुलाला तो देवाच्या प्रतिमेत घडला आहे हे कळण्याआधी तो पापी आहे हे कळतं. संडे स्कूलमध्ये हा क्रम हमखास चुकतो. तारण वगळलं तर उरते नियमांची यादी : दारू नको, सिनेमा नको, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) वेळेवर द्या.

पूर्णत्वाचा घोटाळा दोन प्रकारे होतो. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात, नवं यरुशलेम स्वर्गातून खाली उतरतं, माणसं वर उडून जात नाहीत. हे विसरणारे म्हणतात, जग जळणारच आहे, मग झाडं कशाला लावायची? दुसरे तो शेवट ओढून आजवर आणतात : विश्वास ठेव, आत्ताच बरा होशील. आजार हटला नाही, की दोष आजाऱ्याच्या विश्वासाचा. म्हणजे फिरून ‘पाप कुणाचं?’ याच प्रश्नापाशी.

प्रश्न : सगळी माणसं देवाच्या प्रतिमेत, तर ख्रिस्ती समाजात जात का टिकली? दृष्टीत खोट की माणसांत? (एक वाचक, मडगाव)

‘माणसांत’ म्हणून सुटता आलं असतं, पण ते उत्तर अपुरं आहे. गोव्यात काही गावांच्या चर्चमध्ये कोंफ्रारींचं (सण-उत्सव सांभाळणाऱ्या धार्मिक संघांचं) सदस्यत्व जातीवरून ठरत आलं आणि त्यावरून तंटेही झाले. तिथे धर्मशास्त्र नव्हतं असं नाही. जात ही केवळ सामाजिक रीत आहे, तिचा श्रद्धेशी संबंध नाही, असं ठरवून तिला दृष्टीच्या बाहेर ठेवण्यात आलं. सतराव्या शतकात मदुराईत रॉबर्ट दे नोबिली या जेझुइट मिशनऱ्याने असाच युक्तिवाद केला होता.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण याहून बोचरं आहे. डच धर्मशास्त्री आब्राहम कायपर यांनी १८९८ मध्ये प्रिन्स्टनच्या व्याख्यानांत मांडलं, की जीवनाचं प्रत्येक क्षेत्र ख्रिस्ताच्या सत्तेखाली आहे. कुटुंब, विज्ञान, शासन ही क्षेत्रं थेट देवाला जबाबदार आहेत, एकाने दुसऱ्याला गिळू नये. पुढे हेच कायपर नेदरलँड्सचे पंतप्रधान झाले. दक्षिण आफ्रिकेतल्या काही गोऱ्या धर्मशास्त्र्यांनी या मांडणीत वंश बसवला : देवाने वंश वेगळे निर्मिले, म्हणून त्यांना वेगळं ठेवा. कायपर यांच्या स्वतःच्या लिखाणातही वंशांची उतरंड डोकावते, तेव्हा दोष फक्त शिष्यांच्या माथी मारता येत नाही. चूक कथेच्या भाषेत सांगायची तर पतनाचं फळ निर्मितीच्या खात्यात जमा केलं गेलं. १९८२ मध्ये ओटावा इथे रिफॉर्म्ड (कायपर यांच्याच प्रोटेस्टंट परंपरेतल्या) मंडळींच्या जागतिक संघाने वर्णभेदाचं धार्मिक समर्थन हे पाखंड असल्याचं जाहीर केलं आणि दोन गोऱ्या मंडळींचं सदस्यत्व स्थगित केलं. तपासणी झाली ती त्याच श्रद्धेच्या आधाराने, पण त्याआधी पिढ्या गेल्या.

प्रश्न : ही दृष्टी घेतली की मराठीपण सोडावं लागतं का? (एक वाचक, पुणे)

नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताबद्दल लिहिलं ते अभंगांत. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. तिथे क्रॉसवर लॅटिन अक्षरं असावीत हे त्यांना पटलं नाही. आपल्या संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये अधिक पवित्र काय आहे, हा त्यांचा सवाल होता. पुढे केडगावात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं. अभंग आला, पण जन्मावरून ठरणारं अधिकाराचं गणित दोघांनीही सोडलं. काय ठेवायचं आणि काय टाकायचं, ते वरच्या पाच प्रश्नांवर घासून ठरतं.

प्रश्न : महास्फोटाचा सिद्धांत मानला तर निर्मितीची श्रद्धा उरते का? (एक वाचक, ठाणे)

उरते. हा विचार आधी मांडणाऱ्यांपैकी जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धांतात निर्मितीचा आधार पाहिला, तेव्हा लमेत्र यांनाच ते रुचलं नाही. विज्ञानाच्या सिद्धांतावर श्रद्धेचा पाया घालू नये, हे त्यांचं मत आम्हाला पटतं.

प्रश्न : आमच्या तरुण संघात हा विषय घ्यायचा आहे. कसा घ्यावा? (एक वाचक, नाशिक)

आठ-दहा जण आणि दीड तास पुरे. व्याख्येने सुरुवात करू नका, अर्धा वेळ तिच्यातच जातो. एखादी खरी गोष्ट समोर ठेवा, उदाहरणार्थ पोटजातीची अट घातलेली ख्रिस्ती वधू-वर जाहिरात. नावं आणि फोन नंबर आधी खोडा. प्रत्येकाने दहा मिनिटं गप्प बसून लिहायचं : ही जाहिरात देणाऱ्याने माणूस म्हणजे कोण असं धरलं आहे? त्याला भीती कशाची आहे? मग चर्चा, आणि बायबल शेवटच्या अर्ध्या तासात. आधी उघडलं तर सगळे पाठ केलेली उत्तरं देतात आणि मनातला हिशेब मनातच राहतो.

चर्चेत दुसऱ्या धर्मांचा विषय निघेलच. तेव्हा आदर्शाशी आदर्श आणि आचरणाशी आचरण ताडायचं, हा नियम फळ्यावर लिहून ठेवा. आपल्या येशूचं डोंगरावरचं प्रवचन आणि शेजाऱ्याचा हुंडा अशी तुलना सुरू झाली, की थांबवा. चालवणाऱ्याने एका वेळी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. पाळक स्वतः चालवणार असतील तर हे जमणं कठीण, तेव्हा पहिल्या खेपेला त्यांना श्रोता म्हणून बसवा.