घरच्या कोंबड्यांची अंडी फ्रिजमध्ये ठेवायची की टोपलीत?

तुम्ही विचारलंय की घरच्या सहा कोंबड्यांची अंडी साठत चाललीत. एका व्हिडिओत धुवून लगेच फ्रिजमध्ये ठेवा म्हणतात, दुसऱ्यात न धुता ओट्यावर ठेवली तरी चालतात म्हणतात, मग ऐकायचं कुणाचं? दोघंही आपापल्या देशापुरते खरं बोलताहेत. पण तुम्ही एक गोष्ट सांगितलेली नाही आणि माझ्या मते सगळं तिथेच अडतं. तुमच्याकडे कोंबडा आहे का?

आम्ही वर्ध्याजवळच्या एका गावात राहतो. अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा. सासूबाई हिवाळ्यात अंडी गव्हाच्या पाटीत खुपसून ठेवायच्या, दोन-दोन आठवडे काही व्हायचं नाही. मी तेच मे महिन्यात केलं. पाचव्या दिवशी जावेने अंड्याची पोळी करायला एक अंडं थेट तव्यावर फोडलं, तर बलकावर लाल शिरांचं जाळं. माझा मुलगा शेजारीच उभा होता. त्याने पुढे कित्येक महिने अंड्याला हात लावला नाही. ते अंडं नासलेलं नव्हतं, त्यात पिल्लू धरायला लागलं होतं.

कोंबडा बरोबर फिरत असेल तर अंडी फलित असतात. अशा अंड्यातला जीव साधारण २०-२१ अंशांच्या खाली निजून राहतो, त्याच्या वर हळूहळू वाढू लागतो. उबवणीच्या यंत्रात ३७.५ अंशांच्या आसपास तापमान ठेवतात. वैशाखात आमच्या पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात दुपारी पारा त्याच्याही वर जातो. म्हणजे मी ती पाटी ठेवली नव्हती, अंडी उबवायलाच ठेवली होती. थंड देशातल्या ओट्यावर हा प्रश्नच येत नाही, शिवाय अंड्यांपुरत्या पाळलेल्या तिकडच्या बहुतेक कोंबड्यांत कोंबडा नसतोच. तुमच्याकडेही नसेल तर निम्मी काळजी मिटली.

आता धुण्याचं. कोंबडी अंडं घालते तेव्हा कवचावर एक ओलसर पातळ थर असतो, तो बघता बघता वाळतो. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि हा थर ती बुजवून ठेवतो. पाण्याने चोळलं की तो जातो. अमेरिकेत दुकानात जाणारी अंडी धुतात, म्हणून त्यांना पुढे सात अंशांच्या आत थंड ठेवावंच लागतं. युरोपात विक्रीची चांगली अंडी धूत नाहीत, म्हणून ती दुकानात बाहेरच मांडलेली दिसतात. तुम्ही पहिल्या व्हिडिओतलं धुणं आणि दुसऱ्यातला ओटा असं एकत्र करू नका, एवढं कळकळीने सांगते. धुतलेलं अंडं बाहेर ठेवणं सगळ्यात वाईट.

विष्ठा लागली असेल तर कोरड्या खरखरीत फडक्याने पुसा. फारच माखलेलं असेल तर कोमट पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी शिजवा. गार पाणी नको, कारण गारठ्याने आतला भाग आकसतो आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. त्यापेक्षा खुराड्यातला भुसा वेळेवर बदला. आमच्याकडे रोज साळीचा कोरडा तूस टाकायला लागल्यापासून पुसायचंही काम फारसं उरलं नाही.

माझा हिशोब असा: थंडीत न धुतलेली अंडी घरातल्या सर्वात गार कोपऱ्यात दहा-बारा दिवस. पावसाळ्यात दमटपणामुळे आठवडाभरच. होळी झाली की मात्र सकाळ-संध्याकाळ अंडी गोळा करून त्याच दिवशी फ्रिजमध्ये. तिथे महिनाभर निर्धास्त राहतात. निमुळतं टोक खाली, झाकणाच्या डब्यात, मागच्या कप्प्यात ठेवा. दारातल्या खणात नको, दार उघडलं की तिथे ऊब पोचते. एकदा आत गेलेलं अंडं परत बाहेर काढून ठेवू नका, त्याला घाम फुटतो आणि त्या ओलाव्यातून जंतू आत शिरतात. अंड्यावर पेन्सिलने तारीख घाला.

लाईट दिवसदिवस जात असेल तर ओल्या वाळूत रोवलेला माठ हा चांगला आधार आहे. वाळू रोज भिजवायची, माठात तळाला तूस, तोंडावर सुती कापड. पण विदर्भातल्या मेमध्ये कोंबडा असताना त्याच्यावरही विसंबू नका.

पाण्यात टाकून बघण्याची परीक्षा सगळे सांगतात. ताजं अंडं आडवं बसतं, जुनं उभं राहतं, फारच जुनं तरंगतं, कारण ओलावा उडून आतली हवेची पोकळी वाढत जाते. पण त्यातून फक्त वय कळतं. पिल्लू धरलंय का ते पाहायला अंधारात अंड्याखाली टॉर्च धरा, लाल जाळं किंवा कडं दिसतं. आणि अंडं कधीही आधी वाटीत फोडा, मग तव्यावर.

साल्मोनेलाचे जंतू क्वचित अंड्याच्या आतच असतात, साठवण कितीही नीट असली तरी. म्हणून लहान मुलं, गरोदर बाई आणि म्हाताऱ्या माणसांना अर्धकच्चं देऊ नका. बलक घट्ट होईपर्यंत शिजवा.

आणि एखादी कोंबडी खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवायला बसली असेल तर तिच्याखालची अंडी खायला घेऊच नका. ती किती दिवसांची आहेत याचा अंदाज बांधता येत नाही. त्यांचं तिला काय करायचं ते करू द्या, कोंबडा असेल तर बसल्यापासून २१ दिवसांनी पिल्लं दिसतील.